मदुराईची छत्री

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या घरातल्या छत्र्या माळ्यावर जातात. हा नियम बाबांचा. दोन दिवस उन्हात उघड्या ठेवून कडकडीत वाळवायच्या, काड्यांच्या सांध्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचं, वर्तमानपत्रात गुंडाळायच्या आणि सुतळी बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवायच्या. बाबा गेले, पेटीचं झाकण गंजलं, पाऊसही हल्ली दसऱ्याला विचारून थांबत नाही, पण नियम चालू आहे. यंदा मी स्टुलावर चढून एकेक छत्री वर सरकवत होते आणि आई खालून देत होती. चार दिल्या. पाचवी, तिची स्वतःची, काळ्या कापडाची नि वाकड्या लाकडी मुठीची, तिने दिली नाही. "ही राहू दे खाली." मी म्हटलं, "आता कुठला पाऊस?" तर म्हणाली, "रामेश्वरला लागेल." "अगं, आपण जानेवारीच्या शेवटी जातोय. तेव्हा नसतो तिथे पाऊस." ती छत्री टेकत टेकत बाल्कनीच्या दारापर्यंत गेली, तिथल्या खिळ्याला अडकवली आणि पाठमोरीच म्हणाली, "नसेल तर नसेल. तोवर काठी म्हणून होईल."

मी स्टुलावर तशीच उभी राहिले.

गेली दोन वर्षं मी तिला काठी घे म्हणून मागे लागले होते. डॉक्टरांनी सांगून पाहिलं, भावाने पुण्याहून घडीची काठी पाठवली, ती अजून कपाटामागे उभी आहे. आणि इथे, छत्र्या आवरताना, तिने स्वतःच तो शब्द उच्चारला होता, तोही जानेवारीच्या हिशेबात. प्रवासाचा ऋतू ठरवताना मी पावसाचे तक्ते पाहिले होते, हवामान खात्याचे नकाशे पाहिले होते. तिच्या गुडघ्यांचं पंचांग मात्र मी कुठेच मांडलं नव्हतं.

इंदूरला वाढलेल्या माणसाला ऋतू आधी जिभेला कळतात. सराफ्याच्या खाऊबाजारात कढईत गराडूचे कंद पडले आणि त्यावर जीरावण मसाला भुरभुरला की थंडी आली. भुट्ट्याच्या किसाला गर्दी झाली की पावसाळा आता मुक्कामाला आहे. हे सगळं इतकं अंगवळणी पडतं की बाहेर जाईपर्यंत वाटतं, सगळा देश असाच चालत असेल. त्यातून आमचं गाव माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर वर. मे महिन्यातही दिवसभर तापलेली गच्ची रात्री अकरापर्यंत निवते, आणि पहाटे पायाशी चादर ओढावी लागते. शब-ए-मालवा, माळव्याची रात्र, म्हणतात ती हीच. लहानपणी मी समजत होते की उन्हाळ्यात रात्री गार वारा सुटतो हा निसर्गनियमच आहे.

तो समज मोडला ग्वाल्हेरला. मावशीचं घर तिथल्या लश्कर भागात. आम्ही दर मेमध्ये जायचो, कारण सुट्या मेमध्ये. इंदूरपेक्षा ग्वाल्हेर साडेतीनशे मीटर खाली, राजस्थानच्या वाऱ्याला तोंड करून बसलेलं. दुपारी खिडकीला वाळ्याची ताटी, तिच्यावर पाणी मारत राहायचं, पन्ह्याचा पेला आणि बाहेर पडायचं असेलच तर खिशात कांदा. सकाळी सातला किल्ल्यावर गेलो तरी नऊला मानमंदिरासमोरच्या फरशीवर पाऊल ठेववत नसे. त्या निळ्या फरश्यांचे हत्ती आणि बदकं मी डोळे बारीक करूनच पाहिली आहेत. रात्री अंगणातल्या खाटेवर पाणी शिंपडून झोपायचं, आणि बारा वाजताही उशी पाठीमागून तव्यासारखी. मावशी दरवर्षी तेच सांगायची, "शाळेने सुटी दिली म्हणून ऋतू थोडाच बदलतो! माघात या एकदा." माघात आमच्या परीक्षा असत. पुढे मावसभावाच्या लग्नाला पहिल्यांदा जानेवारीत निघाले, तर शिवपुरीच्या पुढे धुक्यात गाडी साडेचार तास उभी. खिडकीबाहेर काहीच नव्हतं, नुसतं पांढरं. कुठून तरी चहावाल्याचा आवाज येत होता, पण चहावाला दिसत नव्हता. पोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. मावशीने मला जवळ घेतलं आणि म्हणाली, "मी माघात म्हटलं होतं, पौषात नाही."

बाबांकडे या सगळ्याची एक वही होती. ते बँकेत कारकून, आणि नोकरीची चौदा वर्षं महूच्या शाखेत. महू म्हणजे छावणी. खाती उघडायला, पैसे घरी पाठवायला देशभरातले जवान यायचे. बाबा पासबुकात शिक्का मारता मारता विचारायचे, "आपके यहाँ बारिश कब आती है?" कुणी कुमाऊंचा, कुणी मणिपूरचा, कुणी तिरुनेलवेलीचा. प्रत्येकाचं उत्तर वेगळं आणि प्रत्येकजण ते सांगताना थोडा हळवा व्हायचा, असं बाबा म्हणत. घरी येऊन ते निळ्या शाईत लिहायचे, आणि महिने मराठी. 'कच्छचं रण: दिवाळीआधी नको, पाणी साचलेलं असतं. पौर्णिमा पाहून जावे.' 'श्रीनगर: चैत्रात फुलं, कार्तिकात चिनार लाल.' 'लेह: आषाढ-श्रावण. पण वाट पाहून.' यातल्या बहुतेक जागी ते कधी गेले नाहीत. पगार बेताचा, आजी अंथरुणाला. पण संध्याकाळी वही मांडीवर घेऊन बसले की त्यांचा चेहरा गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसासारखा दिसायचा.

त्या वहीत एक ओळ होती, जी मी नंतर बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचली आहे. 'तामिळनाडू: पाऊस दिवाळीत. तिकडच्या हवालदाराने सांगितले. आपला संपतो तेव्हा त्यांचा सुरू.' म्हणजे बाबांना माहीत होतं. नैर्ऋत्येचे ढग जूनच्या सुरुवातीला केरळात येतात, सह्याद्रीच्या पश्चिमेला सगळं रितं करतात आणि पलीकडे तामिळ मुलुख कोरडाच राहतो. मग सप्टेंबरच्या मध्यापासून राजस्थानातून पाऊस परतायला लागतो, वारा उलटा फिरतो, ईशान्येकडून बंगालच्या उपसागरावरून जाताना पाणी उचलतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर ते पाणी त्या किनाऱ्यावर ओततो. तामिळनाडूचा जवळजवळ निम्मा पाऊस या तीन महिन्यांतला. आम्ही इथे छत्र्यांना तेल लावून माळ्यावर टाकतो, तेव्हा तिकडे त्या उघडतात.

तरीही बाबांनी तिकिटं काढली दिवाळीच्या सुटीतली. कारण माझी मुलं शाळेत होती, आणि नातवंडांशिवाय रामेश्वर करायचं नाही असं आईने म्हटलं होतं. देव्हाऱ्यात गंगेचे दोन गडू होते. आई-बाबा काशीला जाऊन आले तेव्हाचे, तांब्याचे, तोंडाला डाक लावलेले. यात्रेचं मावंदं झालं, आमची सगळी रामबाग वस्ती जेवून गेली, आणि त्या दिवसापासून एक गडू रामेश्वराचा म्हणून वेगळा ठेवला. काशीची गंगा रामेश्वराला घातली की यात्रा पुरी, एरवी अर्धी. त्या दिवाळीत इंदूरला चांगलीच थंडी पडली होती, म्हणून आईने सगळ्यांचे स्वेटर घेतले. छत्र्या अर्थातच माळ्यावर.

मदुराईला उतरलो तर आकाश फाटलेलं. आई एका हातावर चार स्वेटर घेऊन फलाटावर घामाने निथळत होती, दुसऱ्या हातात गडूची पिशवी छातीशी, आणि डोक्यावर पदर, जणू पदराने तो पाऊस थांबणार होता. असा पाऊस मी पाहिला नव्हता. आमचा पाऊस वाजत गाजत येतो, विजा, वारा, मग थोडी उसंत. हा नुसता पडत होता, एका सुरात, न दमता. उपसागरात कमी दाबाचा पट्टा, पुढच्या गाड्या रद्द. तीन दिवस आम्ही धर्मशाळेच्या पडवीत कपडे वाळायची वाट पाहिली. मल्लिगेच्या गजऱ्यांचा वास, ओल्या दगडाचा वास, आणि खालच्या उपाहारगृहातून येणारा सांबाराचा. मुलं मजेत होती. बाबा मात्र वही काढून बसत आणि काहीच लिहीत नसत. दुसऱ्या दिवशी आई बाहेर गेली आणि ती काळी छत्री घेऊन आली, वाकड्या मुठीची. बाबा म्हणाले, "आता परत जाताना कशाला?" ती म्हणाली, "पुन्हा येऊ तेव्हाला."

गडू तसाच घरी परत आला.

वहीत त्यानंतर एकच नोंद आहे, अक्षर किंचित तिरकं: 'रामेश्वर: माघात. मार्गशीर्षातही नको (१९६४).' ते साल का, हे मला उशिरा उमगलं. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री चक्रीवादळात रामेश्वरजवळचं धनुष्कोडी गाव समुद्राने धुऊन नेलं, आणि पांबनहून तिकडे निघालेली गाडी प्रवाशांसकट लाटेत गेली. शंभराहून जास्त माणसं. बाबा तेव्हा कॉलेजात असतील. बातमी त्यांनी कुठे वाचली, इतकी वर्षं कुठे ठेवली, कुणास ठाऊक. पण पुढच्या माघाआधी ते गेले. देव्हाऱ्यातल्या दोन गडूंपैकी दुसऱ्याची डाक त्या दिवशी फोडली. रामेश्वराच्या गडूला आईने हात लावू दिला नाही.

वही माझ्याकडे आली, आणि मी तिची फार निष्ठावंत वारस झाले. कुठेही जायचं म्हटलं की आधी वारे, मग वाटा, मग तिकिटं. त्यातून मला खरोखर आनंद मिळाला, हे सांगायला हवं. रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक कोकणात वेगळं का, हे समजून घेताना मला तो डोंगर उतरणारा पाण्याचा लोंढा दिसायचा. आणि चुकाही कळल्या. आम्ही जुलैत लेहला निघालो. ठिकाण बरोबर निवडलं होतं. साडेतीन हजार मीटरवरचं ते गाव हिमालयाच्या पाठीमागे दडलेलं, वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. पण वाट मनालीवरून. मंडी आणि कुलू यांच्यामध्ये दरड कोसळली आणि एक अख्खी रात्र बियासच्या गर्जनेत गाडीत बसून काढली. मुक्कामाचा ऋतू एक असतो आणि वाटेचा दुसरा, हे बाबांनी 'पण वाट पाहून' या तीन शब्दांत लिहून ठेवलं होतं. मी ते वाट बघत बसा असं वाचलं होतं.

दुसरी चूक जास्त लाजवणारी होती. चेरापुंजीला मी जानेवारीत गेले, कोरडं आकाश, मोकळे रस्ते, सगळं नेमकं. धबधबे दोरीएवढे झाले होते. शेजारच्या मावसिनरामला वर्षाला ११,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आमच्या इंदूरच्या दहापटीहून अधिक, आणि रस्त्याच्या कडेला बायका नळापाशी भांडी लावून उभ्या होत्या. सगळं पाणी चुनखडीच्या कड्यांवरून बांगलादेशाकडे वाहून जातं, हिवाळ्यात उरत नाही. चहाच्या टपरीवरच्या बाईने विचारलं, "बारिश में क्यों नहीं आए?" मी म्हटलं, भिजायला नको म्हणून. तिने कप पुढे केला आणि काही बोलली नाही. त्या गप्प राहण्यात तिच्या गावाचा अपमान मला ऐकू आला. मांडूला आपण श्रावणातच जातो की, ढगात हरवलेला जहाज महाल बघायला! चारशे वर्षांपूर्वी, १६१७ मध्ये, जहांगीर बादशहाने तिथे पावसाळा काढला आणि तोंड भरून वाखाणला. जिथली ओळखच पाऊस आहे तिथे पाऊस टाळून गेलेली माणसं काय पाहतात?

पायी चालणाऱ्या जुन्या लोकांना हा प्रश्न पडत नसावा. चातुर्मासात एका जागी राहायचं, दसऱ्याला सीमोल्लंघन, अक्षय्यतृतीयेच्या सुमारास हिमालयातली देवळं उघडायची आणि दिवाळीच्या मागेपुढे मिटायची. आणि पेरण्या उरकल्या की आषाढात मुद्दाम पावसातच पंढरीची वाट. फौजाही याच पंचांगावर चालत. ते मोडलं की काय होतं, हे होळकरांच्या गावात वाढलेल्याला वेगळं सांगायला नको. १७६० च्या पावसाळ्यात यमुना फुगली आणि भाऊसाहेबांच्या फौजेला पलीकडे उतरता आलं नाही. उत्तरेतल्या कडाक्याच्या थंडीत, १४ जानेवारीला, दख्खनची माणसं पानिपतावर उपाशीपोटी उभी होती. मला त्या लढाईच्या गोष्टींत तलवारींपेक्षा ती थंडी जास्त बोचते. त्यांच्या अंगावर काय होतं? त्यांच्या आयांनी निघताना काय बांधून दिलं होतं, कुठला ऋतू डोळ्यांसमोर ठेवून?

आणि अहिल्याबाई. शाळेत आम्ही घाटांची, धर्मशाळांची नावं घोकली, काशी, गया, सोमनाथ, वर बद्रीकेदारापर्यंत, खाली रामेश्वरापर्यंत. त्या यादीकडे मी आता वेगळ्या नजरेने पाहते. महेश्वरला बसून त्या बाईने हा विचार केला असणार की माणसं निघतीलच, चुकीच्या वेळीही निघतील, पावसात अडकतील. मदुराईच्या पडवीत आम्ही तीन दिवस बसलो होतो ती पडवी कुणीतरी आमच्यासारख्यांसाठीच बांधली होती, ऋतू चुकलेल्यांसाठी.

माझ्या काळजीपोटी आईचं रामेश्वर मात्र लांबत गेलं. एका माघात मुलीची बारावी. एका वर्षी करोना, मग पुन्हा तेच. मग डिसेंबर २०२२ मध्ये रामेश्वर बेटावर नेणाऱ्या पांबनच्या जुन्या पुलावरची गाडी बंद झाली, आणि मी म्हटलं, नवा पूल होऊ दे, रेल्वेनेच समुद्र ओलांडू. खरं तर शेजारी रस्त्याचा पूल १९८८ पासून आहे, मोटारीने सहज गेलो असतो. पण मला तिला सगळं नेमकं द्यायचं होतं. निळा समुद्र, कोरडी हवा, खिडकीतली जागा, बावीस कुंडांचं स्नान झाल्यावर ओल्या लुगड्यात बाधणार नाही असं ऊन. एप्रिल २०२५ मध्ये नवा पूल सुरू झाला तेव्हा ऊन फार होतं. आई प्रत्येक वेळी "बरं" म्हणाली. तिने कधी विचारलं नाही की माघ किती राहिले. तेवढ्या वर्षांत ती जिना उतरताना कठड्याला धरू लागली, मग भिंतीला, मग कुणी बघत नसेल तेव्हा त्या छत्रीला.

बाबांनी ऋतू डावलून तिकिटं काढली, त्यांचं चुकलं असं मी इतकी वर्षं मनाशी धरून होते. आता वाटतं, त्यांनी कदाचित दोन्ही पंचांगं समोर ठेवली होती. आजी नुकतीच गेली होती, मुलं अजून बोट धरण्याएवढी होती, आणि त्यांच्या छातीत तेव्हाच काही दुखत होतं का, हे त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. वहीत ते कुठे लिहिलेलं नाही. मी शोधलं आहे.

पूर्वी आरक्षण १२० दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी. म्हणून परवा सकाळी आठाला मी फोन घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. बाहेर थंडी पडली आहे, खाली पोह्यांच्या गाडीवरून बडीशेपेचा वास येत होता. आई अंघोळ, पूजा उरकून शेजारी येऊन बसली होती, काही न बोलता. तिकिटं मिळाली, दोन खालच्या बर्थ. मी हुश्श केलं आणि तिला गाडी कुठून कुठून जाते ते सांगायला लागले. ती मध्येच उठली, छत्री घेतली, आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तो जुना राखाडी स्वेटर होता, मदुराईला ओझं झालेला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "माहितेय मला. नागपूरपर्यंत लागेल. पुढे पिशवीत ठेवू, गडूभोवती गुंडाळायला."